पाठीवरचा डबा
राजेश्वरीची बारावीची परीक्षा संपताच पुण्याचा मामा माकणीला आला. “कॉलेजात विचारतील, सुट्टीत काय केलंस? कॉम्प्युटर शिक, इंग्रजी शिक.” राजेश्वरी तेलाच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधत होती. असाच डबा पाठीला बांधून वडिलांनी तिला पोहायला शिकवलं होतं. “ते कॉलेजात शिकीन, मामा. या सुट्टीत गल्लीतल्या पोरींना पवायला शिकवणार.” आई भडकली. “एखादी बुडाली म्हणजे?” “म्हणूनच शिकवायचं. रोज विहिरीच्या पायऱ्यांवर धुणं धुतात, पवायला एकीलाबी येत न्हाय.” सकाळी विहिरीवर एकही पोरगी आली नाही. आयांनी पाठवलंच नव्हतं. त्या मात्र काठावर गंमत बघायला जमल्या. राजेश्वरी डबा घेऊन बसून राहिली. तेवढ्यात आई पायऱ्या उतरून आली. आजवर ती घोटाभर पाण्यापुढं गेली नव्हती. तिनं काष्टा घातला, लेकीकडं पाठ केली. “बघायलीस काय? बांध की डबा.”