सारखी पातळी

घर विकायचं म्हणून तपासणीला आलेल्या माणसाने तळघरातल्या पाइपवरची यू आकाराची नळी दाखवली. तिच्या दोन्ही बाजूंचं लाल पाणी एकाच पातळीत होतं. "म्हणजे या पाइपमधून हवा ओढणारा पंखा बंद आहे. जमिनीतून येणारा रेडॉन वायू बाहेर जातच नाहीये. वर्षानुवर्षं श्वासात गेला, तर कॅन्सर होऊ शकतो."

गौतमी नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. श्रीरंग रोज इथेच बसून काम करायचा. आयुष्यात सिगारेट न ओढता फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला.

पंख्याचं बटण खुर्चीमागेच होतं. त्यावर हळदीच्या बोटाचा जुना डाग होता. सांगलीहून राहायला आल्यापासून सासूबाई दिसेल ते बटण बंद करत घरभर फिरायच्या. वीज फुकट जाते म्हणून.

गौतमीने ओढणीने डाग पुसला आणि बटण दाबलं.

वर सासूबाई कारल्याला हळद-मीठ चोळत होत्या. "काय म्हणाला गं तो?"

"सगळं ठीक आहे, आई."

त्यांनी कानोसा घेतला. "ती घरघर पुन्हा सुरू झाली वाटतं. श्रीरंग म्हणायचा, आई, तू आलीस आणि खाली किती शांत झालं."

पिवळी बोटं पदराला पुसत त्या तळघराच्या जिन्याकडे निघाल्या.