आले दोन

"तळं काय कुठे पळून जातंय का, बाबा? पुढच्या सुट्टीत नक्की येते." अकरा वर्षं मी फोनवर हेच म्हणत होते. आमच्या जुन्या गावाबाहेर, तळ्याकाठच्या झाडीत तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत. फक्त राखणदाराच्या वहीत किती जण आले आणि किती परतले, एवढं लिहायचं.

यंदा मी गेले. वहीची मागची पानं चाळली, तर दर वर्षी बाबांचं टपोरं अक्षर दिसलं. अकरा नोंदी, आणि अकराही वेळा तेच: आले दोन, परतले एक.

"हे काका म्हणजे वल्ली आहेत," राखणदार म्हणाला. "पहिल्या वर्षी माझ्या तोंडचं पाणी पळवलं त्यांनी. दोघांतला एकच परतला म्हटल्यावर मी धावत जाऊन होडी पाण्यात ढकलली. तर हे तंबूची घडी घालत मागून म्हणतात, 'अहो, कोणी बुडालं नाही. माझी मुलगी आहे, मागून येतेय.' तेव्हापासून मी शोधायचं सोडलं. दोन वर्षं झाली, फिरकले नाहीत. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"मागून येणारी मुलगी मीच."

त्याचा चेहरा खुलला. वही माझ्याकडे सरकवत त्याने वाटेकडे पाहिलं. "मग काका कुठायत?"

मी 'आले'च्या रकान्यात एक लिहिलं. तळं होतं तिथेच होतं.