किरकोळ कामांची यादी

"सफाई कर्मचारी महिला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जिन्यावरून पडल्या," असे आमच्या कार्यालयाचे अधिकृत निवेदन सांगते. चौकशी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी त्या वाक्याची चिरफाड करायला बसलो. मावशींचा निष्काळजीपणा एवढाच, की उतरताना त्यांनी कठडा धरला आणि तो निखळला. नव्या कार्यालयाचा ताबा घेताना केलेल्या 'किरकोळ शिल्लक कामां'च्या यादीत सदतिसावी नोंद होती: जिन्याचा कठडा सैल. छत्तिसावी पडद्यांच्या रंगाबद्दल होती.

"माणूस पडेल ते काम तुमच्या कोशात किरकोळ ठरते?" मी कंत्राटदाराला विचारले.

"वापर अडत नाही ते सगळं किरकोळ, साहेब. पण ते मी नाही ठरवलं. ताबा घेणाऱ्यानं ठरवलं."

"मग नाव सांगा. इथे कोणाचीही गय होणार नाही."

त्याने यादी मिटून माझ्याकडे सरकवली. कुबड्या शेजारी ठेवून बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या ना, साहेब. ताबा घेतला त्या दिवशी मी तिथंच लादी पुसत होते. आहे तसंच राहू दे ते निवेदन, माझी नोकरी तेवढी ठेवा."

मी निवेदन खोडले आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले:



"कठडा हलतो, हे ताबा घेताना मला दाखवले होते. 'उद्घाटन पुढे ढकलणार नाही, किरकोळात टाका,' असे मीच म्हणालो. आणि हे कोणी तोंडावर बोलणार नाही, एवढ्याच भरवशावर अध्यक्ष झालो."