खाटेवरचा किनारा

सौंसरचे पाहुणे मला पाहायला पांढुर्ण्याला आले, तेव्हा बैठकीतल्या खाटेवर कोकणचा नकाशा पसरलेला होता. सोमवारी मी जुहूहून रत्नागिरीला छोटं विमान नेणार होते. समुद्र उजव्या हाताला ठेवून, किनारा बघत. कुठली खाडी कधी दिसेल, त्याच्या खुणा पेन्सिलीने करत होते. कागद उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर बाबांनी बागेतली संत्री ठेवली होती. पाहुण्यांना खाट द्यायचीच असते. मी घाईने नकाशा गुंडाळू लागले. "राहू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाहुण्यांसाठी खाली सतरंजी अंथरली. मुलाचे वडील गुडघे धरत बसले. "पोरीसंग विमानात कोण जाते?" "कोणीच नाही. तीच चालवते," बाबा म्हणाले. सवयीने मुलाच्या वडिलांनी कोपऱ्यावरचं संत्रं उचललं; रत्नागिरी फडफडली. "ते जाग्यावर ठेवा, भाऊ. खायाले दुसरं देतो. पोरगी काम करून राहिली."