चारनंतर पंधरा

पाथरवटाने शिळेवर खडूने दोन ओळी आखल्या आणि तो बाजूला सरकला. मृत्यू, चार तारीख. दफन, पंधरा तारीख. महिना तोच, साल तेच.

"हे काय लिहून ठेवलंस?" मयताचा धाकटा भाऊ खेकसला.

"झालं तेच लिहिलंय, साहेब. तुमचे दादा चार तारखेला संध्याकाळी गेले. त्याच रात्री सरकारने जुनी कालगणना मोडीत काढली, मधले दहा दिवस गाळले. उजाडलं ते थेट पंधरा तारखेला. मातीला आपण पंधरालाच गेलो."

"हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कोण सांगणार? लोक म्हणतील, घरच्यांनी प्रेत दहा दिवस तसंच ठेवलं! वरची तारीख चौदा कर आणि मिटव."

"चौदा तारीख आलीच नाही, साहेब. न उजाडलेल्या दिवशी माणूस मरेल कसा?"

"मग खाली पाच कर."

"पाच तरी कुठे आली?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. कारखान्याच्या दाराशी, एका कोऱ्या शिळेवर, त्याची वहिनी बसली होती. दगडाची पांढरी भुकटी तिच्या चपलांवर साचली होती, पण तिने पाय झटकले नव्हते. दफनाच्या सकाळी लोक शवपेटी उचलायला आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "जरा थांबा ना." पण खड्डा खणून झाला होता, बाहेर माणसं खोळंबली होती, आणि या दिरानेच तिचा हात पेटीवरून हळूच सोडवला होता.

"वहिनी, आता तुम्हीच सांगा याला," दीर म्हणाला. "खालची ओळ पुसूनच टाकू या का?"

ती उठली. शिळेपाशी आली. दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या दगडावर तिने तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"दोन्ही राहू द्या," ती पाथरवटाला म्हणाली. "खोल कोरा."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, दहा दिवस ठेवलं म्हणून." तिचा आवाज अगदी शांत होता. "मला एक रात्रसुद्धा धड मिळाली नाही, भाऊजी. दगडावर तरी राहू देत ते माझ्यापाशी."