अनोळखी पेशंट

निवृत्त नर्सला लेकीचा धंदा कळेना. क्रिप्टो तारण ठेवून कर्ज काढलेल्या कुणाचा, तारण कर्जाला कितपत पुरतंय हे दाखवणारा आकडा एकच्या खाली घसरला, की लेक ते कर्ज स्वतः फेडून तारण स्वस्तात उचलायची. आईला मात्र तो आकडा नाडीसारखा वाटायचा. स्क्रीनवरच्या एका आकड्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हा कोण गं?" "कोणास ठाऊक! ना नाव, ना गाव." गेले तीन दिवस आकडा एकच्या जवळ आला, की तो अनामिक चिमूटभर तारण वाढवून सावरायचा. आज आकडा घसरत होता, तरी त्याची हालचालच नव्हती. "आजारी असेल?" "मी सोडलं तर दुसरे टपलेलेच आहेत." "त्याचं थोडं कर्ज आपण भरलं तर?" "भरता येतं. पण असा खुळेपणा करतो कोण?" तरी चरफडत लेकीनं भरलं. आकडा वर चढला. दुसऱ्या दिवशी त्या अनामिकाकडून तेवढीच रक्कम लेकीच्या खात्यात परत आली. सोबत एक शब्दही नाही. आई चष्मा पुसत म्हणाली, "आला गं शुद्धीवर!"