शेजारच्या लेनमधली लाल टोपी

शेवटची फेरी होती आणि लाल टोपी हातभर पुढे होती. चष्मेवालीने मान पाण्यात घातली आणि होता नव्हता तो सगळा जोर पायांत आणला. पाणी असं काही उडालं की काठावरच्या जीवरक्षकाने पाय वर घेतले. भिंतीला हात लागला. तिने वळून पाहिलं. लाल टोपी अजून मागेच होती.

जिंकली! महिन्याभरात पहिल्यांदा! चौपन्न वर्षांची बाई, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, पाण्यात टुणटुण उड्या मारायला लागली. नाकात पाणी गेलं. त्याचंही तिला हसू आलं.

कॉलेजात असताना ती अशीच पोहायची. मग दुकान आलं, संसार आला आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. अलीकडे जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा नवरा म्हणाला, "पोहायला तरी जा, नाहीतर मला घर तळमजल्यावर न्यावं लागेल." पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीतच ती लेनच्या दोरीला लटकली. आता गुपचूप पळ काढावा असा विचार चालला होता, तेवढ्यात शेजारच्या लेनमधून कुणीतरी अंगठा उंचावून दाखवला. लाल टोपी, काळा गॉगल. बाकी सगळं धुकं. गिऱ्हाइकांना नंबरचे गॉगल विकणारी ही बाई स्वतःसाठी मात्र रोज 'उद्या करते' म्हणत होती.

दोघींमध्ये बोलणं असं कधी झालंच नाही. कानांत मेणाचे बोळे, वर छताखाली घुमणारा कालवा. अंगठे, हातवारे आणि हरलेलीच्या तोंडावर पाणी उडवणं, एवढ्यावर मैत्री जमली. पोहून झालं की लाल टोपी घाईघाईने निघून जायची. चष्मेवाली मात्र दिवसभर दुकानात गुणगुणत काचा पुसायची.

"तुझं प्रेमबीम जमलंय की काय?" नवऱ्याने विचारलं.

"जमलंय," ती म्हणाली.

सात वर्षांत तिला अशी मैत्रीण मिळाली नव्हती. त्याआधी होती एक. सख्खी धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. धाकटीने एकदा ताईची अक्कलदाढ काढायला घेतली आणि शेजारची धडधाकट दाढ उपटली. अक्कलदाढ जागच्या जागी राहिली. "ताई, तू केलेल्या नव्या चष्म्यात काहीतरी चुकलंय," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "माझ्या दुकानात चूक होत नसते," ताई गालावर हात दाबून म्हणाली. धाकटीने पुढे केलेला चष्मा तिने हातात घेऊनसुद्धा बघितला नाही. झालं, अबोला सुरू झाला. आधी तिने माफी मागावी, यावर ताई अडून बसली. आणि रोज दुकान उघडताना तिला वाटायचं, आज येईल.

आज मात्र ते काही मनात नव्हतं. जिंकले तर लाल टोपीला कॉफी प्यायला न्यायचं, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. ती शिडी चढून वर आली आणि ओट्यावर चाचपडत चष्म्याची डबी उचलली. तिथे तशाच दोन डब्या होत्या. त्यात नवल नव्हतं, निम्म्या गावाकडे तिच्याच दुकानातल्या डब्या होत्या. डबी उघडली आणि सवयीने तिचा अंगठा काचांच्या कडांवरून फिरला.

एक काच पातळ होती. दुसरी बरणीच्या बुडासारखी जाड.

तिचा हात थांबला. दोन डोळ्यांत एवढा फरक असलेला चष्मा तिने आयुष्यात एकाच माणसासाठी केला होता. पण ती तर पाण्याला भिणारी! लहानपणी काठावर टॉवेल धरून बसणारी! चष्मेवालीच्या छातीत आनंदाने धडधडायला लागलं. तिने खात्रीसाठी अंगठा पुन्हा फिरवला. धाकटीचा अधू डोळा डावा होता. जाड काच उजवीकडे होती. या काचा तिने स्वतःच्या हातांनी बसवल्या होत्या, आणि अदलाबदल करून बसवल्या होत्या.

समोर लाल टोपी डोक्यावरून उतरली होती. ओल्या केसांची एक बाई चष्मेवालीचा चष्मा नाकावर लावून टकामका बघत होती.

"ताई?"

चष्मेवालीने कानांतले बोळे उपसून काढले. "तू? पाण्यात?"

"पाठ धरली गं. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून. डॉक्टर म्हणाले, पोहा."

"काचा उलट्या बसवल्यात मी," ताई म्हणाली. "चुकलं माझं." सात वर्षं अडकलेला शब्द कानातल्या पाण्यासारखा आपोआप बाहेर आला.

"मग मी तेव्हा काय सांगत होते?" धाकटी हसायला लागली. ताईलाही हसू फुटलं. दोघी ओट्याला धरून हसत सुटल्या.

"थांब, थांब," ताईने डोळे पुसले. "म्हणजे सात वर्षं तू हाच चष्मा लावून दात काढतेस?"

"छे! तुझ्या त्या दाढेनंतर दात चष्मा काढूनच बघते. जवळचं दिसतं मला. रस्त्याने चालताना जाड काचेने गरगरतं, तेवढा उजवा डोळा मिटून घेते." तिने हळूच जीवरक्षकाकडे बोट केलं. "त्याला वाटतं, मी डोळा मारते. हल्ली लाजतो बिचारा."

ताई मटकन खाली बसली. हसून तिच्या पोटात कळ आली होती. "अगं वेडे, पण मग नवा का नाही करून घेतलास?"

धाकटीचं हसू ओसरलं. एवढी साधी गोष्ट हिला कळू नये याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"नवा करायचा तर दुसऱ्याच्या दुकानात जावं लागलं असतं ना, ताई."